पाठमोरे सर

सरांचा चेहरा आठवायला गेले की मला आधी त्यांची पाठच दिसते. उंच, जराशी डावीकडे कललेली पाठ, पांढऱ्या शर्टावर कॉलरखाली घामाचा ओला डाग आणि पुढे हिरवा फळा. वर्गाकडे पाठ करून हा माणूस इंग्रजी उतारा वाचतोय आणि मागे अख्खा वर्ग चिडीचूप बसलाय, हे मी नोकरीला लागले त्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, यांचं मुलांशी भांडण झालं असावं. व्हरांडा झाडणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "भांडन कसला मॅडम, परीक्षा चाललीय. सर असंच घेतात."

मुलांनी त्यांचं नावच पाठमोरे सर ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं, कारण एकदा गॅदरिंगमध्ये एका पोराने त्यांची नक्कल करताना प्रेक्षकांकडे तोंड केलं, तर सर पहिल्या रांगेतून म्हणाले, "चुकला. मी असा कधी दिसलोय का?"

आमचं ज्युनियर कॉलेज बोळिंजच्या अलीकडे. मी मराठी शिकवते, ते इंग्रजी शिकवायचे. मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन इथे आलेली, त्यामुळे इथल्या माणसांकडे बघण्याची माझी हौस अजून फिटलेली नाही. सर मात्र पक्के इथले. गिरीजला त्यांची वाडी, केळी-नारळांची. सकाळी बागेला पाणी सोडून ते स्कूटरवरून यायचे आणि स्टाफरूमच्या टेबलावर सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा ठेवायचे. मोठ्या भावाशी ते फोनवर घरच्या बोलीत बोलत. विषय बहुधा पाण्याच्या मोटारीचा असे आणि आम्हाला त्यातला 'मोटार' एवढाच शब्द कळे. फोन ठेवून तोच माणूस वर्गात जाऊन असं इंग्रजी बोलायचा की दाराबाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत दुसराच कुणी आहे.

अकरावी-बारावीला इंग्रजीची वीस गुणांची तोंडी असते. मुलांनी ऐकायचं, ऐकलेल्यावर उत्तरं द्यायची, थोडं बोलायचं. हे गुण कॉलेजने द्यायचे असतात. आणि कॉलेजने द्यायचे गुण म्हणजे लग्नाची पंगत, तिथून कुणी उपाशी उठू नये अशीच सगळ्यांची इच्छा. आमच्याकडे अठराचा रिवाज होता. हजर असला तर अठरा, नसला तर सतरा, असं आम्ही चेष्टेने म्हणत असू, पण ती फारशी चेष्टा नव्हती. एकटे सर खरी परीक्षा घ्यायचे. त्यांच्या वर्गात कुणाला नऊ, कुणाला अकरा, एखाद्याला सोळा. दरवर्षी प्राचार्य त्यांना बोलावून घेत आणि तेच सांगत.

"सर, मुलांचं नुकसान होतं हो."

"न ऐकता अठरा दिले तर मी मुलाला विचारलंच नाही असं होतं," सर म्हणत. "वर्षभर माझ्यासमोर बसला, शेवटी एकदा तरी विचारू दे की, बाबा, तुला काय ऐकू आलं?"

प्राचार्य कपाळाला हात लावत आणि सर तासाला निघून जात.

परीक्षेचे नियम सरांचे स्वतःचे. पंखा बंद. ऑक्टोबरच्या उकाड्यातही बंद. उतारा एकदाच वाचणार. कुणी "सर, परत एकदा" म्हटलं की ठरलेलं उत्तर: "स्टेशनवर गाडीचा प्लॅटफॉर्म बदलल्याचं तुझ्यासाठी परत सांगतात का?" आणि तिसरा नियम, पाठ. मी एकदा विचारलं की तोंड दाखवायला काय हरकत आहे, तेव्हा म्हणाले, "मॅडम, चेहरा बघून निम्मं कळतं. ही मुलं उद्या फोनवर नोकऱ्या करणार. फोनला चेहरा असतो का?" हे मला पटलं, पण घामाने भिजलेल्या त्या वर्गात पर्यवेक्षणाला बसायची पाळी आली की पटलेलं सगळं वाहून जायचं.

उतारेही पुस्तकातले नसत. सर फोनवर माणसांचे आवाज गोळा करायचे, कधी तेच वर्गात ऐकवायचे, कधी लिहून काढून स्वतः वाचायचे. बँकेतला तमिळ साहेब, चर्चमधले फादर, दवाखान्यातली केरळची सिस्टर, कुणीही सापडला की "दोन मिनिटं इंग्रजीत बोला" म्हणून फोन पुढे करायचे. त्यांच्या शेजारचे एक गृहस्थ बहारीनला वीसेक वर्षं क्रेन चालवून आले होते. त्यांचं इंग्रजी ऐकून मुलं हसली, एक जण म्हणाला, "सर, हे इंग्लिशच नाय." सर म्हणाले, "याच इंग्लिशवर त्यांनी दोन मुली डॉक्टर केल्या. आता सांग, त्यांनी क्रेन कुठे उभी केली?" 

वाचनाच्या परीक्षेची तऱ्हा निराळी. कुकरसोबत येणारं माहितीपत्रक, खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद, बिल्डरची रंगीत जाहिरात, असं काहीही ते झेरॉक्स करून वाटायचे. आणि प्रत्येक परीक्षेत, ऐकण्याची असो की वाचण्याची, एक प्रश्न असा टाकायचे की त्याचं उत्तर उताऱ्यात नसे. जो मुलगा धीर करून 'द पॅसेज डझ नॉट से', म्हणजे उताऱ्यात सांगितलेलं नाही, असं लिहील त्याला पूर्ण गुण. हे सोपं वाटतं, पण आमच्या मुलांना फार जड जायचं. एकही जागा रिकामी सोडू नका, काहीतरी ठोकून द्या, हा मंत्र त्यांना क्लासवाल्यांनी पाचवीपासून पाजलेला. एकदा जाहिरातीत होतं, 'स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं' आणि सरांचा प्रश्न होता, "कशाने?" निम्म्या वर्गाने 'चालत' असं लिहिलं, निम्म्याने 'रिक्षाने'. उताऱ्यात सांगितलेलं नाही असं एकीनेच लिहिलं. मला हसू आलं नाही, कारण मी त्याच पाच मिनिटांत राहते आणि मला रिक्षाने वीस लागतात.

ती एकटी मुलगी म्हणजे दर्शना.

दर्शना अर्नाळ्याची, कोळ्याघरची. अकरावीला दुसऱ्या बाईंकडे होती, बारावीला सरांच्या वर्गात आली. पहिल्या बाकावर, अगदी मधोमध बसायची आणि शिकवणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची. वाचनात तिला तोड नव्हती. पण मागून हाक मारली तर मान वळवायची नाही, मैत्रिणी घोळक्याने बोलत असल्या तर बाजूला उभी राहायची. स्टाफरूममध्ये तिची ख्याती शिष्ट मुलगी अशी होती. मीही तिला शिष्टच समजत होते, सगळेच समजत होते.

दिवाळीआधी सरांनी ऐकण्याची पहिली चाचणी घेतली. मी पर्यवेक्षक. पंखा बंद झाला, सर वळले आणि त्यांनी उतारा वाचला. एका टपाल कार्यालयातला संवाद होता. पाच प्रश्न फळ्यावर लिहिले. पेपर गोळा करताना दर्शनाचा कागद वर आला आणि मी थबकले. पाचही प्रश्नांपुढे, स्वच्छ वळणदार अक्षरात, पाच वेळा एकच ओळ: उताऱ्यात सांगितलेलं नाही.

मला राग आला. सरांची युक्ती सरांवरच उलटवतेय असं वाटलं. मी कागद त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, "बघा तुमची हुशार विद्यार्थिनी. थट्टा करतेय."

सर हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "मॅडम, ही मुलगी खोटं लिहीत नाही." मुलं बाहेर पडत होती. दर्शना दप्तर भरत होती, आमच्याकडे पाठ. सर तिच्यामागे चार पावलांवर जाऊन उभे राहिले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "दर्शना, तुझा पेन खाली पडलाय." तिने चेन ओढली, दप्तर खांद्याला लावलं. सरांनी पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं. दारातल्या दोन मुली थांबून खाली बघू लागल्या. दर्शना वळली ती आम्हाला बघून दचकली.

 मग सरांनी तिच्याकडे बघत, ओठ नीट हलवत, विचारलं, "मी वाचत होतो तेव्हा तुला काय ऐकू आलं?"

तिने खाली बघितलं. मग वर बघून म्हणाली, "काय नाय, सर. आवाज येतो. शब्द येत नाय."

 पोरगी दहावी झाली, अकरावी झाली, ओठ वाचून वाचून. तिला बोलताही चांगलं येत होतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. अकरावीत तिला इंग्रजीच्या तोंडीत आमच्या रिवाजाप्रमाणे अठरा होते.

प्राचार्यांना कळलं तेव्हा त्यांनी माणुसकीनेच सुचवलं, "सर, अठरा द्या आणि विषय मिटवा. पोरीची बारावी निघू दे."

"शून्य तिचं नाही, हे मला मान्य आहे," सर म्हणाले. "पण अठराही तिचे नाहीत. तिला दिसत नसतं तर तुम्ही चष्मा लावायला सांगितलं असतं की नुसते मार्क दिले असते?"

मग सर अर्नाळ्याला निघाले आणि मुलीच्या घरी जायचं तर कुणी बाई सोबत हवी म्हणून मलाही घेतलं. हातात वाडीतली केळ्यांची फणी. घरासमोर दोऱ्यांवर बोंबील वाळत घातले होते आणि दर्शनाची आई त्यांची उलथापालथ करत होती. ठसठशीत बाई. सरांनी विषय काढताच तिचा चेहरा बदलला.

"सर, तुमी सायबलोक. आमच्यात पोरीच्या कानाचा नाव काढला ना, गावभर होल. पुढच्या वर्साला लगीन बघायचाय. बारावी झाली का बस. मशीन लावून फिरली तर कोन करील?"

"तिला पुढे फार्मसीला जायचंय म्हणते," सर म्हणाले.

"ती काय बी म्हनल."

दर्शना पलीकडे बोंबील काढत होती. आईला तिला चहा ठेवायला सांगायचं होतं. तिने हाक मारली नाही. चालत गेली, तिच्या खांद्याला हात लावला, पोरीने वर बघितलं, मग बोलली. थोड्या वेळाने धाकटा भाऊ आला, त्यानेही आधी ताईच्या दंडाला बोट लावलं आणि मग काय ते सांगितलं. मला ते तेव्हा कुठे कळलं, सरांना माझ्याआधी कळलं होतं. त्या घरात सगळेच तिला आधी हात लावून मगच बोलत होते. कुणी ठरवलेलं नव्हतं. सवय झाली होती.

सर म्हणाले, "ताई, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

तिने हातातला बोंबील दोरीवर परत टाकला. "ल्हानपनी ताप आलेला मोठा," ती म्हणाली. "तवापासून माना ठाव हाय. म्हनून तर आमी हात लावून बोलतो."

"तुम्ही लावता," सर हळूच म्हणाले. "उद्या सासरी कोण लावील?"

हा मुद्दा मला सुचला नसता. मी शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगायची तयारी करून गेले होते. सरांनी तिच्याच चिंतेवर बोट ठेवलं. बाई खाली बसली. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मशीन लावला तर ऐकाला येल काय समदा?"

"सगळं नाही येणार," सर म्हणाले. "पण विचारायला हरकत नाही." निघताना तिने बोंबलांचं पुडकं दिलं. सरांनी ते मनापासून घेतलं. मी माळकरी घरातली, माझ्या वाट्याचंही त्यांनीच नेलं.

सरकारी इस्पितळात तपासणी झाली, कमी ऐकू येत असल्याचा दाखला मिळाला, दिवाळीनंतर मशीनही आलं. मशीन आलं म्हणजे काम झालं असं मला वाटलं होतं, पण दर्शना तिसऱ्याच दिवशी ते काढून दप्तरात टाकून बसली. सगळंच एकदम अंगावर येतं म्हणाली, बाक सरकतात ते, पंखा, बाहेरची रिक्षा, माणसाचा आवाज त्यातच बुडतो.

तेव्हा सरांनी तो प्रकार सुरू केला, ज्याला मुलं सरांचा नाच म्हणत. मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या टोकाला दर्शनाला उभी करायचे आणि तिच्यासमोर उभं राहून वाचायचे. पहिले काही दिवस समोरासमोर. मग जरासे वळून, म्हणजे तिला त्यांचा एकच गाल दिसेल. मग कानाची बाजू. घड्याळाचा काटा सरकावा तसे सर रोज थोडे थोडे वळत होते. ज्या दिवशी तिला काही कळेना त्या दिवशी पुन्हा तिच्याकडे तोंड करायचे, कटकट न करता. एकदाच वाचायचा नियम त्या व्हरांड्यात नव्हता. एकच वाक्य दहा वेळा वाचताना मी त्यांना ऐकलंय. डबा खायचे नाहीत, सुकेळी तोंडात टाकायचे, तिलाही द्यायचे. आणि माझ्या ओळखीतला हा सगळ्यात हट्टी माणूस, ज्याने कुणासाठी कधी पंखा लावला नव्हता, तो एका पोरीसाठी रोज स्वतःभोवती फिरत होता. मला त्यांच्याबद्दल तेव्हा जे वाटलं ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहिते. मला वाटलं, शिकवणं म्हणतात ते हे.

बोर्डाच्या तोंडीचा दिवस आला. दाखल्यामुळे दर्शनाला सवलत होती. प्राचार्य म्हणाले, तिला वेगळं बसवा. सर परीक्षेआधी तिच्या बाकापाशी गेले आणि मी कानांनी ऐकलं नसतं तर विश्वास ठेवला नसता, असं बोलले. "तुझ्यासाठी मी तोंड करून वाचतो. हवं तर दोनदा वाचतो."

दर्शना म्हणाली, "सगळ्यांना पाठ, तर माना पन पाठ, सर."

"कठीण जाईल."

"तुमीच बोलता ना, फोनला चेहरा नसतो."

 स्वतःचं वाक्य असं परत मिळालं की काय करायचं हे त्यांना माहीत नसावं. मग त्यांनी पंखा बंद केला.

निकाल आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. दर्शनाला वीसपैकी चौदा पडले. प्राचार्यांनी अठरा करा म्हणून शेवटचा प्रयत्न केला, तर सरांच्या आधी तीच म्हणाली, "चौदा माझे हायेत, राहू द्या." ऐकण्याच्या पाच प्रश्नांपैकी तीन तिने बरोबर लिहिले होते, एक चुकला होता. आणि पाचवा तो, नेहमीचा, उत्तर नसलेला. तिथे तिने तेच लिहिलं होतं, त्याच वळणदार अक्षरात. या वेळी ते खरंच उताऱ्यात सांगितलेलं नव्हतं. त्या वर्गात हे ओळखणारे तिच्यासह चारच निघाले.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी पर्यवेक्षक म्हणून फळ्याशेजारच्या खुर्चीत बसले होते, त्यामुळे मुलांना कधीच न दिसणारी बाजू मला दिसत होती. सर वळले आणि वाचू लागले. आवाज हळू केला नाही, शब्द सुटे केले नाहीत. मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकत होते. नेहमीच्याच गतीने वाचलं, प्रामाणिकपणे. फक्त डाव्या हाताने फळ्याखालची खडूची पट्टी घट्ट धरली होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. एरवी घाम म्हणून खपलं असतं.

वाचून झालं. मुलं लिहू लागली. एरवी सर लगेच वळायचे आणि बाकांमधून फिरायचे, आज वळलेच नाहीत. वेळ संपली, मी पेपर गोळा केले, मुलं दारातून बाहेर पडली. सर फळ्याकडे तोंड करून उभेच. मी दोनदा हाक मारली. वर्गाला आपला चेहरा दाखवायला त्यांना त्या दिवशी जमत नव्हतं, हे मला दिसत होतं.

दर्शना दारापर्यंत गेली होती, ती परत आली. त्यांच्यामागे येऊन थांबली. हाक मारली नाही. तिच्या घरी करतात तसा आधी त्यांच्या खांद्याला हात लावला, सर वळेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "सर, आला ऐकाला."